ऑर्किड, कुत्रा आणि कामोठ्यातली बाल्कनी : खर्च किती, धोका कुठे?

ऑर्किड घ्यायचं मनात आहे, पण घरात कुत्रा आहे म्हणून अडलं असेल, तर खुशाल घ्या. दुकानात आणि ऑनलाइन सर्रास मिळणारी ऑर्किडं कुत्र्यासाठी विषारी नाहीत. प्राण्यांच्या विषबाधेवर काम करणारी अमेरिकेतली एएसपीसीए ही जुनी संस्था विषारी आणि बिनविषारी झाडांची यादी ठेवते. फॅलिनॉप्सिस आणि घरात ठेवली जाणारी इतर अनेक ऑर्किडं त्या यादीत ‘बिनविषारी’ या रकान्यात आहेत, कुत्र्यांसाठीही आणि मांजरांसाठीही. जगभरचे पशुवैद्य हीच यादी उघडून बघतात.

बिनविषारी म्हणजे खाद्य मात्र नव्हे. सहा महिन्यांच्या लॅब्रेडॉरने जाडजूड पान चावून गिळलं, तर एखादी उलटी होईल, संध्याकाळी शी पातळ होईल. बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं. ऑर्किडांच्या जगभरात पंचवीस हजारांहून अधिक जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीत एकट्या भारतातल्या १,२५६ नोंदल्या आहेत. यातली प्रत्येक जात कुणी कुत्र्याला खाऊ घालून तपासलेली नाही, आणि व्हॅनिलाच्या वेलाचा चीक (व्हॅनिला हेही ऑर्किडच) माणसाच्या कातडीलाही खाजवतो. पण पनवेलजवळच्या कामोठ्यातल्या बाल्कनीत येणारी ऑर्किडं चार-पाच प्रकारांपलीकडे जात नाहीत, आणि त्यांच्या पानाफुलांची भीती बाळगण्याचं कारण नाही.

भीती बाळगायची ती कुंडीत पानाफुलांखेरीज जे असतं त्याची, आणि त्या कुंडीच्या शेजारी जे ठेवलेलं असतं त्याची. खर्चाचा हिशेबही तिथेच बिघडतो. या लेखातल्या किमती ढोबळ आहेत. हंगाम, रोपाचा आकार आणि दुकान यांप्रमाणे त्या वरखाली होतात. घासाघीस करताना अंदाज असावा, एवढाच त्यांचा उपयोग.

आधी रोपाचं बोलू. फुललेलं फॅलिनॉप्सिस, म्हणजे समारंभात भेट देतात ते पांढऱ्या-जांभळ्या रुंद फुलांचं, साधारण ६०० ते १,२०० रुपयांना पडतं. सणासुदीला आणि मॉलमधल्या दुकानात त्याहून जास्त. डेंड्रोबियम फुलासकट ३०० ते ६०० रुपयांत मिळतं आणि बिनफुलाचं लहान रोप दीडशे-दोनशेतही मिळून जातं. व्हँडा महाग, आठशेच्या पुढेच सुरुवात. निळंशार फॅलिनॉप्सिस कुणी दुप्पट भावाने दाखवलं तर हात जोडून पुढे निघा. देठातून रंग भरून ते निळं केलेलं असतं, पुढच्या खेपेला फुलं पांढरीच येतात. शिवाय तो रंग कुठला, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि कुत्रा असलेल्या घरात अशी वस्तू नकोच.

कामोठ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे : डेंड्रोबियम घ्या. खाडीजवळची दमट हवा त्याला मानवते, उन्हाळा ते सोसतं, पावसाळ्यात तर त्याला जोरच येतो. फॅलिनॉप्सिसला नवा फुलांचा दांडा काढायला काही आठवडे गार रात्री लागतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत तेवढा गारवा कधी मिळतो, कधी नाही. मिळाला नाही तर वर्षभर चार हिरवी पानं बघत बसायचं. म्हणून फॅलिनॉप्सिस घेणार असाल तर दीर्घकाळ टिकणारा पुष्पगुच्छ म्हणूनच घ्या. त्या हिशेबाने ते महागही नाही. आठशेचं रोप अडीच महिने फुललेलं राहिलं तर दिवसाला दहा-अकरा रुपये पडतात. तीनशेचा गुच्छ पाच दिवसांत माना टाकतो, म्हणजे दिवसाला साठ. वर पुन्हा फुललं तर तो नफा.

पनवेलच्या आसपास महामार्गालगत रोपवाटिका आहेत. तिथे जाऊन रोप हातात घेऊन बघणं ऑनलाइन मागवण्यापेक्षा चांगलं. मुळं टणक आणि हिरवट-पांढरी हवीत. तपकिरी, दाबल्यावर पोकळ लागणारी मुळं असतील तर निम्म्या किमतीतही घेऊ नका. ऑनलाइन मागवलंच तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. रोप सडलेलं निघालं आणि विक्रेता दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही, पण सातशेच्या रोपासाठी अलिबाग गाठायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

मे-जूनमध्ये कुणी टोपलीत रानातली ऑर्किडं घेऊन आलं, आंब्याच्या फांदीसकट, स्वस्तात, तर ती घेऊ नका. सह्याद्रीतल्या झाडांवरची सीतेची वेणी तिथेच शोभते. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यातून झाडं काढणं हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आणि ओरबाडून आणलेलं रोप फ्लॅटच्या ग्रिलमध्ये बहुधा वर्षही काढत नाही.

आता कुंडी. ऑर्किड मातीत लावत नाहीत. कोळशाचे तुकडे, विटांचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे, पाइन झाडाची साल, शेवाळ असलं भरड सामान भोकांच्या कुंडीत भरतात. सगळं धरून दोनशे ते चारशे रुपयांचा मामला. सोडण घरच्या नारळाचं वापरलं तर त्याहून कमी. माणसाला हे नुसतं भरताड, पण कुत्र्याला सोडणाचा तुकडा म्हणजे चघळायला मिळालेलं खेळणं. दात येण्याच्या वयातलं, तीन ते सात महिन्यांचं पिल्लू तर ते सोडतच नाही. सोडण पाणी शोषून फुगतं आणि पचत नाही. मोठा तुकडा गिळला तर आतडं तुंबू शकतं. विक्रेते वजन हलकं राहावं म्हणून तळाशी थर्माकोलचे तुकडे भरतात, दांडा उभा राहावा म्हणून तार आणि प्लास्टिकच्या चिमट्या लावतात, तेही पोटात जाऊ शकतं. रोप घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे कुंडी उपडी करून आत काय आहे ते बघणं. थर्माकोल फेका. तार काढून सुती दोऱ्याने दांडा बांधा. पिल्लू असेल तर सोडणाऐवजी मोठे कोळसे आणि विटांचे ढेकळाएवढे तुकडे वापरा, ते तोंडात मावत नाहीत. वर नारळाच्या काथ्याची जाळी ताणून बांधू नका; तीच आधी ओढली जाते.

याहून सोपा उपाय म्हणजे कुंडी टांगणं. कामोठ्यातल्या वन बीएचके, टू बीएचकेच्या बाल्कनीत कपडे वाळतात, वॉशिंग मशीन असतं, तिथेच कुत्र्याचं अंथरूण असतं. खाली कुंड्यांना जागा द्यायची तर कुणाची तरी काढून घ्यावी लागते. ग्रिल मात्र रिकामी असते. पन्नास ते दीडशे रुपयांत तारेची टांगणी मिळते. लॅब्रेडॉर मागच्या पायांवर उभा राहिला तर त्याचं तोंड कुठवर पोचतं ते मोजा आणि कुंडीचा तळ त्याच्या हातभर वर ठेवा. डेंड्रोबियम आंब्याच्या लाकडाच्या फळीवर दोऱ्याने बांधून टांगलं तर कुंडी नाही, सोडण नाही, काहीच नाही. रोज पाण्याचा फवारा द्यावा लागतो इतकंच. दुपारचं कडक ऊन थेट येत असेल तिथे हिरवी जाळी लावा, नाहीतर पानं भाजतात. आणि ग्रिलच्या बाहेर कुंडी लटकवू नका. पावसाळी वाऱ्यात ती खालच्या माणसाच्या डोक्यात पडली तर हिशेब वेगळाच होईल.

खत आणि औषध हा खरा घातक भाग, म्हणून इथे जरा थांबतो.

ऑर्किडला १९:१९:१९ सारखं पाण्यात विरघळणारं खत लिटरला साधारण एक ग्रॅम, आठवड्याला एकदा पुरतं. शंभर ग्रॅमची पुडी साठ-शंभर रुपयांत मिळते आणि दोन-तीन रोपांना कित्येक महिने जाते. एवढ्या पातळ पाण्याने कुत्र्याला फारसं काही होत नाही. पण कुंडीखालच्या थाळीत साचलेलं पाणी तो चाटत राहिला तर पोट बिघडतं. थाळीच काढून टाका. तसंही पनवेल महापालिकेचे कर्मचारी डेंग्यूच्या अळ्या शोधत येतात तेव्हा पहिली नजर तिथेच जाते.

धोका असतो तो ‘सेंद्रिय’ खतात. हाडांचा चुरा, एरंडीची पेंड, निंबोळी पेंड, मोहरीची पेंड ही नावं ऐकून माणूस निश्चिंत होतो. हाडांच्या चुऱ्याचा वास कुत्र्याला जेवणाचा वाटतो. पिशवी फोडून त्याने पावशेर चुरा खाल्ला तर पोटात त्याचा गोळा होतो. एरंडीची पेंड तर याहून वाईट. एरंडाच्या बीमध्ये रिसिन नावाचं जहर असतं, तेलात ते उतरत नाही, मागे पेंडीतच राहतं. पेंड नीट तापवून निर्विष केलेली आहे की नाही हे पिशवीवर क्वचितच लिहिलेलं असतं. कुत्रा असलेल्या घरात एरंडीची पेंड आणूच नका. ऑर्किडला तिची गरजही नाही.

दुसरी वस्तू गोगलगायीची गोळी. पहिल्या पावसानंतर गोगलगायी ऑर्किडची कोवळी मुळं कुरतडतात, तेव्हा नर्सरीवाला मेटाल्डिहाइडच्या गोळ्या देतो. कोंड्यात घोळवलेल्या, किंचित गोडसर. गोगलगायीला आवडाव्यात म्हणूनच त्या तशा करतात आणि कुत्र्यालाही त्या तितक्याच आवडतात. खाल्ल्यावर काही तासांतच अंग थरथरतं, ताप चढतो, झटके येतात. वेळेत दवाखाना गाठला नाही तर कुत्रा जातो. दोन-तीन कुंड्यांसाठी ही गोळी कशाला हवी? रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी हाताने वेचा. खर्च शून्य.

कीटकनाशक घ्यावंच लागलं तर बंद डब्यातलं, लेबलासकट घ्या. कीटकनाशकांच्या प्रत्येक डब्यावर रंगाचा त्रिकोण असणं बंधनकारक आहे. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. कुत्र्याच्या घरात लाल आणि पिवळा आणू नये. नर्सरीतून पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून दिलेलं पांढरं ‘औषध’ तर मुळीच घेऊ नका. असं सुटं विकणं बेकायदा आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उद्या कुत्र्याच्या पोटात ते गेलं तर डॉक्टरांना उतारा कशावर द्यायचा हेच कळत नाही. पिठ्या ढेकणासाठी साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं बहुतेक वेळा पुरतं.

आता शेजारच्या कुंड्या. ऑर्किड कुत्र्याला चालेल का, असं विचारणाऱ्या घरात मनीप्लांट असतोच. डायफेनबेकिया, पीस लिली, अ‍ॅग्लोनेमा, फिलोडेंड्रॉन हेही असतात. ही सगळी अळवाच्या कुळातली. कच्चं अळू खाल्लं की घसा खवखवतो, म्हणून आपण अळवाच्या फदफद्यात चिंच घालतो. ते ज्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांमुळे होतं त्याच सुया या पानांत असतात. कुत्रा पान चावतो, लगेच लाळ गाळायला लागतो, पंजाने तोंड खाजवतो, उलटी करतो. जिवावर सहसा बेतत नाही, पण दवाखान्याची फेरी होते. स्नेक प्लांट, कोरफड आणि लकी बांबू यांनीही उलट्या-जुलाब होतात. लकी बांबू हा बांबू नाहीच, तो ड्रॅसिना आहे.

यापुढची यादी मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कण्हेर, तिची पिवळी बहीण बिट्टी, आणि गच्चीवर हौसेने वाढवलेलं गुलाबी अडेनियम या तिन्हींमध्ये हृदयाची लय बिघडवणारी द्रव्यं असतात. पानफुटी आणि तिची फुलझाड म्हणून विकली जाणारी बहीण कलांचो याच जातकुळीतली. सदाफुली धोक्याची. कळलावीचा कंद प्राणघातक. देवपूजेसाठी कण्हेर हवीच असेल तर ती सोसायटीच्या आवारात उंच वाढू द्या. घरातल्या कुंडीत, कुत्र्याच्या नाकासमोर नको. निर्माल्याची पिशवीही दाराच्या कडीला, जमिनीवर नव्हे.

हौस भागवायला सुरक्षित झाडं पुष्कळ आहेत. अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न ही तिन्ही शंभर ते चारशे रुपयांत मिळतात आणि कुत्र्यानं चावली तरी फार तर उलटी होते.

काही घडलंच तर काय पडतं? कामोठे, खारघर, पनवेल पट्ट्यातल्या खासगी पशुवैद्याची तपासणी फी ढोबळमानाने ३०० ते ७०० रुपये. साधी उलटी, एक इंजेक्शन, दोन-तीन दिवसांची औषधं धरली तर हजार-दीड हजारांत सुटता. रक्ततपासणी, सलाईन आणि दिवसभर ठेवून घेणं आलं की तीन ते सहा हजार. आतड्यात सोडणाचा तुकडा अडकला तर एक्स-रे, सोनोग्राफी, भूल, शस्त्रक्रिया आणि नंतरचे दिवस मिळून वीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जाऊ शकतं. रात्री-अपरात्री फी साधारण दुप्पट. विमा घेतला असेल तर विषबाधा आणि अपघाती गिळणं त्यात धरलंय का, हे आजच वाचून ठेवा.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. धर्मादाय असल्याने खासगीच्या तुलनेत तिथे खर्च कमी येतो. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. आयसीयू, स्कॅन असल्या सोयी तिथे आहेत. कामोठ्याहून दोन्हीकडे जायला रहदारी नसताना तास-सव्वातास धरा. वाशीमार्गे गेलात तर ऑक्टोबर २०२४ पासून मोटारीला मुंबईच्या नाक्यावर टोल नाही. अटल सेतूने वेळ वाचतो पण टोल लागतो. टॅक्सीवाले कुत्रा घ्यायला कुरकुरतात, म्हणून प्राणी नेणाऱ्या एखाद्या गाडीवाल्याचा नंबर आधीच मिळवा. पण विषबाधेत पहिला तास मोलाचा. आधी जवळचा डॉक्टर, नंतर मुंबई. त्यामुळे घराजवळच्या डॉक्टरांना आजच विचारा : रात्री अकरानंतर फोन कोण उचलतं, आणि तुम्ही नसाल तर कुणाकडे जायचं?

जाताना झाडाचा फोटो किंवा एक फांदी, खताचं किंवा औषधाचं पाकीट, कुत्र्याचं वजन आणि किती वाजता किती खाल्लं याचा अंदाज, एवढं सोबत न्या. पाकीट तर विसरूच नका. आणि घरगुती उपचार करू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण कुत्र्याच्या रक्तातलं सोडियम त्याने एकदम वाढतं आणि मूळ विषापेक्षा मीठच महागात पडतं. दूध, तेल, तूप यांनीही विष ‘मरत’ नाही. झटके येत असतील, कुत्रा पेंगुळला असेल तेव्हा तोंडात काहीच ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

तर पहिल्या वर्षाचा हिशेब असा : डेंड्रोबियम चारशे, टांगणी आणि कुंडी दोनशे, कोळसा-विटा शंभर, खताची पुडी शंभर, हिरव्या जाळीचा तुकडा शंभर-दीडशे. हजाराच्या आत घरात ऑर्किड फुलतं. यातला एकही रुपया ‘कुत्र्यासाठी सुरक्षित’ अशी चिठ्ठी लावलेल्या महागड्या कुंडीवर किंवा मिश्रणावर घालवू नका. त्या चिठ्ठीला कुणाची तपासणी लागत नाही, कुणीही ती छापू शकतं.

एक काम मात्र फुकट आहे आणि ते घराबाहेरचं आहे. बऱ्याच सोसायट्यांच्या प्रवेशद्वाराशी, लिफ्टच्या बाजूला शोभेसाठी सायकस ठेवलेलं असतं, ज्याला नर्सरीत सागो पाम म्हणतात. खुजं खोड, वर ताठ टोकदार पानांचा झुपका. त्याचं पान, खोड, मूळ सगळंच विषारी, आणि बी सर्वांत जास्त. कुत्र्याने दोन बिया जरी चावल्या तरी दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होऊ शकतं, आणि वेळेवर उपचार मिळूनही बरेच कुत्रे वाचत नाहीत. सकाळी साखळीला धरून कुत्र्याला फिरवायला नेता तेव्हा तो नेमका तिथेच हुंगत थांबतो. सोसायटीत ते झाड असेल तर येत्या रविवारी सचिवांना भेटा, ते हलवायला सांगा आणि त्या जागी अरेका पाम ठेवायला सुचवा.